जुनी बंदूक : घासावी की जपावी?

जुनी वस्तू हाती आली की ती घासूनपुसून लख्ख करायची, हा आपल्या घराघरांतला संस्कार आहे. माळ्यावरचा तांब्याचा हंडा खाली उतरला की चिंच आणि मीठ आलेच. पितळी समई दिवाळीला चकाकली पाहिजे, भांड्यांना वेळच्या वेळी कल्हई झाली पाहिजे. स्वयंपाकघरात हे योग्यच आहे, कारण तिथे भांडे वापरायचे असते. पण हाच नियम भिंतीवर टांगलेल्या पणजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला लावला, की एका दुपारच्या मेहनतीत दोनशे वर्षांचा पुरावा पॉलिशपेपरच्या भुकटीबरोबर केरात जातो. बंदूक चकचकीत होते, घरातली मंडळी खूश होतात आणि जाणकार मात्र कपाळावर हात मारून घेतो.

जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या जगात हा वाद फार जुना आहे. वस्तू जशी मिळाली तशीच ठेवावी, की ती मुळात जशी होती तशी पुन्हा करावी? वरवर पाहता हा हौशी लोकांचा प्रश्न वाटतो. पण त्यात पैसा आहे, फसवणूक आहे, कायदा आहे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इतिहास खरा ठेवण्याची जबाबदारी आहे.

टिपूची मोडकी बंदूक

२०१९ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमध्ये एका लिलावाची बरीच चर्चा झाली. बर्कशायर परगण्यातल्या एका घराच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली काही शस्त्रे सापडली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील मेजर थॉमस हार्ट यांनी १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर ती आपल्याबरोबर नेली होती. त्यात टिपू सुलतानाच्या खास शस्त्रागारातील, चांदीचे काम असलेली एक चकमकीची बंदूक आणि तिची संगीन होती.

ही बंदूक काही नवीकोरी नव्हती. उलट लढाईत झालेली मोडतोड तिच्या अंगावर स्पष्ट दिसत होती. टिपूच्या इतर अनेक बंदुका गेल्या दोनशे वर्षांत या हातातून त्या हातात गेल्या, साफ झाल्या, दुरुस्त झाल्या. ही मात्र श्रीरंगपट्टणातून निघाली तशीच राहिली होती. लिलाव करणाऱ्यांनी तिचे वैशिष्ट्य म्हणून हेच पुढे केले. त्या बंदुकीला ६० हजार पौंड आले.

आता कल्पना करा, त्या घरातल्या एखाद्या उत्साही माणसाने मधल्या काळात तिचा फुटका भाग बदलून घेतला असता, चांदी उजळून घेतली असती, नळी घासून चमकवली असती. बंदूक देखणी झाली असती. पण ४ मे १७९९ रोजी, ज्या दिवशी टिपू धारातीर्थी पडला आणि श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती गेले, त्या दिवसाची जी खूण तिच्या अंगावर होती ती कायमची नाहीशी झाली असती.

अर्थात याचा अर्थ मोडकी वस्तू नेहमीच महाग, असा नव्हे. २०१५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात टिपूच्या शस्त्रांची मोठी विक्री झाली. त्यात एका नळीत एकापुढे एक दोन बार भरण्याची सोय असलेली टिपूची एक शिकारी बंदूक सात लाख पौंडांच्या वर गेली. उत्तम अवस्थेत टिकलेल्या वस्तूला अधिक किंमत येणारच. मुद्दा एवढाच की उत्तम अवस्था टिकलेली असावी लागते, ती मागाहून तयार करता येत नाही. तयार केली तर ती आजची कारागिरी ठरते, टिपूच्या काळची नव्हे.

गंज आणि काळाची छटा

लोखंडावर जे जे तांबूस-काळे दिसते तो सगळा गंजच, असा आपला समज असतो. जाणकार त्यात दोन भेद करतात. एक असतो तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज. तो जिवंत असतो, हवेतल्या ओलाव्यावर वाढतो आणि धातू खात जातो. त्याला थांबवलेच पाहिजे. दुसरा असतो काळपट तपकिरी, घट्ट आणि गुळगुळीत थर. तो वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आणि तेलापाण्याने बसलेला असतो. तो वाढत नाही, बोटाला लागत नाही. याच थराला संग्राहक वस्तूचे वय म्हणतात. हा थर एकदा काढला की पुन्हा बसायला पूर्वीइतकीच वर्षे लागतात.

हिंदुस्थानी बंदुकांच्या बाबतीत नुकसान याहून मोठे होते. आपल्याकडच्या उत्तम नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा लाकडातील रेषांसारखी नक्षी दिसते. तिला जौहर म्हणतात. वेगवेगळ्या प्रकारचे लोखंड एकत्र तापवून, ठोकून, पीळ देऊन नळी घडवली की ती धातूतच उतरते, पण डोळ्यांना दिसते ती पृष्ठभागावर केलेल्या सौम्य आम्लाच्या प्रक्रियेमुळे. पॉलिशपेपर फिरला की जौहर दिसेनासे होते आणि उरतो एक साधा पांढुरका पाइप.

तीच गोष्ट कोफ्तगारीची. यात लोखंडावर बारीक रेघांची जाळी खरवडून तिच्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात. सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो. गंज काढण्याच्या नादात चार हात जोरात फिरले की सोने गेले.

आणि सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे अक्षरे आणि शिक्के. टिपूच्या कारखान्यातील बंदुकांवर वाघाची पट्टेदार नक्षी, हैदरी शिक्का आणि टिपूने स्वतः सुरू केलेल्या मौलुदी सनाची वर्षे आढळतात. त्या सनाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. घाईने घासताना एक आकडा पुसट झाला तर बंदुकीचे साल गेले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर कंपनीचे चिन्ह असते. इंग्लंडमध्ये बनलेल्या नळ्यांवर लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील तपासणीचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचे तपासणीगृह १८१३ मध्ये सुरू झाले, म्हणजे त्याचा शिक्का दिसला की नळीला ही अधिकृत छाप त्यानंतर मिळाली हे कळते. अशा बारीक ठशांवरूनच वस्तूचा जन्मदाखला वाचला जातो.

कारखान्याच्या वह्या असतील तर

अमेरिकेत ही पडताळणी थोडी सोपी आहे. तिथल्या विंचेस्टर कंपनीने १८७३ च्या नमुन्याच्या रायफलींपैकी ज्यांची नळी चाचणीत विशेष अचूक ठरली, अशा मोजक्या रायफलींवर ‘हजारांत एक’ या अर्थाची अक्षरे कोरून त्या १०० डॉलरला विकल्या. त्या जेमतेम सव्वाशे-दीडशेच्या घरात निघाल्या. १९५० मध्ये जेम्स स्टुअर्टची भूमिका असलेला ‘विंचेस्टर ७३’ हा चित्रपट आला. त्याच्या जाहिरातीसाठी अशा रायफलींचा देशभर शोध घेण्यात आला आणि घराघरांतून विस्मृतीत गेलेल्या काही रायफली पुढे आल्या. भाव वाढले आणि साध्या रायफलीवर तशीच अक्षरे कोरणारेही निर्माण झाले.

पण विंचेस्टरच्या बऱ्याच जुन्या वह्या शिल्लक आहेत. त्या वायोमिंग राज्यातील कोडी येथील संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. रायफलीचा क्रमांक कळवला की ती कारखान्यातून कोणत्या स्वरूपात बाहेर पडली, हे वहीत पाहून सांगता येते. खोटे तिथल्या तिथे उघडे पडते.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या बंदुकांच्या मागे अशी वही नाही. कुठल्या लोहाराने कुठल्या गावी नळी घडवली, ती कुणाच्या घरी कशी आली, याची नोंद क्वचितच मिळते. म्हणजे बंदुकीचा पृष्ठभाग हीच तिची वही. ती घासणे म्हणजे वहीची पाने धुऊन काढणे. म्हणूनच हा इशारा आपल्याला अधिक लागू पडतो.

अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या बंदुकांच्या अवस्थेची जी प्रतवारी ठरवली आहे, तीही बोलकी आहे. तिच्यात ‘व्हेरी गुड’ किंवा त्यावरची कोणतीही श्रेणी मिळायची तर सर्व भाग मूळचे असावे लागतात. मात्र ‘व्हेरी गुड’ श्रेणीतील बंदुकीवर मूळचा मुलामा अजिबात उरला नसला तरी चालते. याउलट काही किरकोळ भाग बदललेली किंवा नव्याने मुलामा चढवलेली बंदूक त्याखालच्या ‘गुड’ श्रेणीत उतरते. थोडक्यात, झिजलेली पण खरी वस्तू वर आणि सजवलेली वस्तू खाली.

दुसरी बाजूही आहे

मात्र ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांचे सगळेच बरोबर आणि दुरुस्ती करणारे सगळेच अडाणी, असे मानणे अन्यायाचे होईल. बंदूक ही शोभेची वस्तू म्हणून जन्माला आली नाही. ती हत्यार होती आणि हत्याराची डागडुजी तेव्हाही होत असे. दस्त्याला तडा गेला की शिपाई त्यावर तार आवळी किंवा ओले कातडे शिवून वाळू देई. वाळताना कातडे आवळले जाई आणि दस्ता घट्ट बसे. कमानी तुटल्या की लष्करी कारखान्यात नव्या बसत. ही दुरुस्ती त्या बंदुकीच्या आयुष्याचाच भाग आहे. तीही काढू नये.

आणखी एक गंमत पाहा. इंग्रजी फौजेतील प्रसिद्ध ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी मुळात तपकिरी नव्हे, तर चकचकीत पांढरी ठेवली जाई. शिपायांना ती विटेच्या भुकटीने घासून लख्ख ठेवावी लागे. आज संग्रहालयात जी गडद छटा आपण मूळ समजून जपतो, ती त्या शिपायाच्या जमादाराने क्षणभरही चालवून घेतली नसती! मग मूळ कोणते? १८०० सालची चकाकी, की आजची छटा? संग्राहकांचे उत्तर असे की, १८०० सालची चकाकी कधीच गेली. आज घासून येईल ती या वर्षीची चकाकी असेल.

सर्वांत अवघड कोडे पडते ते बदललेल्या बंदुकांचे. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची टोपी आली. मग चकमकीच्या गारेची गरज संपली. साधारण १८४० च्या आसपास हजारो चकमकीच्या बंदुकांची वाटी काढून, घोडा बदलून त्या टोपीच्या करण्यात आल्या. पुढे विसाव्या शतकात संग्राहकांना चकमकीच्या बंदुका अधिक प्रिय झाल्या. तेव्हा त्याच बंदुकांना नवी वाटी, नवा घोडा लावून त्या पुन्हा चकमकीच्या करण्याचा धंदा सुरू झाला.

आता यातली अस्सल कोणती? १८४० मध्ये केलेला बदल हा इतिहास आहे, कारण ती बंदूक त्यानंतरही खऱ्या कामासाठी वापरली गेली. परत केलेला बदल बाजारासाठी आहे. अनुभवी डोळा तो ओळखतो. खऱ्या चकमकीच्या बंदुकीत रंजकाच्या भोकाभोवतीचे लोखंड दारूच्या ज्वाळेने वर्षानुवर्षे खाल्लेले असते. नव्या वाटीभोवती ते साफ असते आणि टोपी बसवण्यासाठी पाडलेले जुने भोक बुजवल्याची खूणही कुठेतरी सापडते.

ग्राहकाला निवड द्या

या वादात एक शहाणपणाचा मार्ग नेपाळी बंदुकांच्या विक्रीत दिसला. काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातील शस्त्रागारात एकोणिसाव्या शतकातील हजारो बंदुका धूळ खात पडल्या होत्या. त्यात ब्राउन बेस होत्या, मार्टिनी-हेन्री रायफली होत्या, नेपाळात घडलेल्या गहेंद्र रायफलीही होत्या. २००३ मध्ये अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी तो साठा विकत घेतला. त्यांनी ग्राहकांपुढे दोन पर्याय ठेवले. जशी सापडली तशी, धूळ आणि वाळलेल्या वंगणासकट; किंवा साफ करून, उणे भाग भरून दिलेली. दोन्हींचे दाम वेगळे, पण काय घेत आहोत हे दोघांनाही माहीत.

इथेच या प्रश्नाचे मर्म आहे. दुरुस्ती हा गुन्हा नाही, लपवलेली दुरुस्ती ही फसवणूक आहे. तुटलेला घोडा नवा बसवला, तर तसे लिहून ठेवावे, जुना तुकडा जपून ठेवावा आणि नव्या भागावर आतल्या बाजूने खूण करावी. संग्रहालयातील तज्ज्ञ याच तत्त्वाने चालतात. कमीत कमी हस्तक्षेप, तोही पुढे कुणाला काढता येईल असा आणि प्रत्येक पायरीची नोंद व छायाचित्र. प्रामाणिक दुरुस्ती पिढ्या पुढे गेल्यावरही प्रामाणिक राहते ती त्या कागदामुळे. माणूस गेला की त्याची तोंडी माहिती जाते आणि तीच बंदूक पुढच्या बाजारात ‘संपूर्ण अस्सल’ म्हणून उभी राहते.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. ‘बंदूक शंभर वर्षांची आहे, तिला कसला परवाना?’ असे अनेक घरांत म्हटले जाते. ते सरसकट बरोबर नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे; पण ते शस्त्र दुरुस्त करूनही बार काढण्यास असमर्थ असले पाहिजे. म्हणजे आज चालत नसलेली, पण कमान बदलली की चालेल अशी बंदूक या सवलतीत बसत नाही. ठासणीची असली तरीही नाही.

शिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा त्यात बदल करण्याच्या व्यवसायालाही याच कायद्याने परवाना लागतो. म्हणून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे किंवा लेथवाल्याकडे पणजोबांची बंदूक नेणे म्हणजे दुहेरी संकट. वस्तूचाही नाश आणि कायद्याचाही भंग. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील परवान्याच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली बंदूकही त्या मर्यादेत धरली जाते. त्याचप्रमाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातील नातेवाइकाला भेट म्हणूनही नाही.

घरी बंदूक असेल तर

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर इथली जुनी मराठी घराणी असोत की सातारा-कोल्हापूरकडचे वाडे, खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रे खाली उतरतात. ती राखेने किंवा विटेच्या भुकटीने घासायची, हळदकुंकू वाहायचे आणि ओल्या हातांनी परत टांगायची, असा अनेक ठिकाणी परिपाठ आहे. पूजा जरूर व्हावी. पण हळदकुंकू शस्त्राखाली ठेवलेल्या पाटावर किंवा वस्त्रावर वाहावे. ओले कुंकू धातूवर वर्षभर राहिले तर नेमक्या त्याच जागी गंज धरतो.

सर्वांत आधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. म्हणून नळी तापवणे, आत सळई ठोकणे, चाप ओढून पाहणे हे प्रकार घरात कधीही करू नयेत. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी.

त्यानंतर करायचे ते थोडेच. बंदूक सुती हातमोजे घालून हाताळावी, कारण हाताच्या घामातील मीठ लोखंडावर ठसा उमटवते. मऊ, कोरड्या फडक्याने धूळ पुसावी. तांबडा गंज दिसला तर थोडे हलके तेल लावून मऊ फडक्याने टिपावा, खरवडू नये. ब्रासोसारखे पॉलिश, लिंबू, चिंच, पॉलिशपेपर आणि तारेचा ब्रश यांना बंदी. दस्त्याला जवसाचे तेल पाजू नये. लाकूड काळे आणि चिकट होते. धातूवर संग्रहालयात वापरतात तसल्या सूक्ष्म स्फटिकी मेणाचा पातळ हात पुरे. बाहेरच्या भिंतीवर, स्वयंपाकघराजवळ किंवा कातडी म्यानात ठेवू नये. पावसाळ्यात महिन्यातून एकदा नजर टाकावी.

आणि एक वही करावी. बंदूक कुणाची, घरात कधी आली, आजीने काय सांगितले, कोणता भाग कधी बदलला, सगळे लिहावे. छायाचित्रे जोडावीत. तिचे पुढे काय करायचे असा प्रश्न पडलाच, तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अशा ठिकाणची जुनी शस्त्रे एकदा बारकाईने पाहून यावीत. तिथली शस्त्रे कशी ठेवली आहेत, हे पाहणेही शिक्षणच आहे.

घाई कशालाच नाही. गंज आज थांबवता येतो आणि दुरुस्ती पुढच्या वर्षीही करता येते. घासून काढलेले मात्र पुढच्या पिढीला कितीही पैसे मोजून परत मिळत नाही.